कर्ज फिटत नाही; अर्ज कोठे करावा?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातील एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांची ओळख पटेल असा तपशील वगळून पत्राचा आशय असा: घरात चार माणसे. यजमान केळीच्या बागेत सालदार (वर्षभराच्या ठरावाने ठेवलेला मजूर) असून त्यांचे साल, म्हणजे वर्षाची मजुरी, 84,000 रुपयांची आहे. ताई उन्हाळ्यात पापड लाटतात, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला जातात आणि वर्षाला सरासरी 48,000 रुपये मिळवतात. तीन मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या गटकर्जांची मिळून 58,000 रुपयांची बाकी आहे आणि त्यांचे महिन्याचे हप्ते 7,400 रुपये आहेत. मुलीच्या आजारपणात गावातल्या एका माणसाकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने 30,000 रुपये घेतले. गेल्या अठरा महिन्यांत त्याला 27,000 रुपये व्याज दिले, पण मुद्दल एका रुपयानेही कमी झालेले नाही. किराणा दुकानाची उधारी 6,400 रुपये आहे. त्या लिहितात: “गरिबांचे कर्ज रद्द करणारा 2016 चा कायदा आहे, असे एका माणसाने सांगितले. 6,500 रुपये भरले तर तो कर्जमुक्तीचे प्रमाणपत्र काढून देणार आहे. सासूबाई म्हणतात की आणीबाणीत सावकाराने गहाण पडलेली भांडी परत आणून दिली होती, म्हणजे सरकार असे करते. आम्ही अर्ज करावा का, आणि कोठे?”

सप्रेम नमस्कार ताई,

सर्वांत आधी, त्या माणसाला 6,500 रुपये देऊ नका. आधार कार्डाची प्रत, बँकेचे पासबुक किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी त्याच्या हाती पडू देऊ नका. पैसे घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रे देणाऱ्या अशा लोकांबाबत रिझर्व्ह बँकेने 11 डिसेंबर 2023 रोजी जाहीर इशारा दिला होता, आणि असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हे लोक आणखी एक सल्ला देतात, तो म्हणजे कंपनीशी बोलू नका आणि हप्ता पूर्ण बंद करा. असे केल्याने फी त्यांच्या खिशात जाते आणि थकबाकी मात्र तुमच्या नावावर वाढत राहते.

तो ज्या कायद्याचे नाव घेतो, तो कायदा खरा आहे. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अगदी कमी उत्पन्नाच्या माणसासाठी ‘नव्याने सुरुवात’ करून देणारे एक प्रकरण आहे. वर्षाचे उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत, मालमत्ता 20,000 रुपयांपर्यंत, कर्ज 35,000 रुपयांपर्यंत आणि स्वतःच्या मालकीचे घर नाही, अशा माणसाने अर्ज केला की 180 दिवस वसुलीला मनाई आणि त्यानंतर पात्र कर्जातून मुक्तता, अशी ती योजना आहे. मात्र संहितेचा व्यक्तींसंबंधीचा हा भाग 1 डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता लागू करण्यात आला. तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी तो कागदावरच राहिला आहे. त्यामुळे त्याखाली अर्ज घेणारी खिडकीच आज कोठे नाही, आणि तो लागू असता तरीही तुमचे एकूण 94,400 रुपयांचे देणे त्या मर्यादेच्या बाहेर गेले असते. इतक्या गरीब माणसासाठी केलेली तरतूद इतकी वर्षे पडून राहावी याचे मला मनापासून वाईट वाटते, परंतु तुम्हाला खोटी आशा दाखवणे त्याहून वाईट ठरेल.

सासूबाईंची आठवणही खरी आहे. 22 ऑगस्ट 1975 रोजी महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे त्याने रद्द केली आणि गहाण पडलेल्या वस्तू मालकांकडे परत आल्या. सावकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1977 मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. त्यांच्या घरची भांडी कशी परत आली, हे त्यांनी नातवंडांनाही सांगावे. पण तो कायदा त्या वेळच्या कर्जांपुरता होता. नंतरच्या शेतकरी कर्जमाफीच्या योजना मुख्यतः बँका आणि विकास सोसायट्यांच्या शेतीकर्जांसाठी होत्या. त्यांतही गटकर्ज किंवा हातउसने बसत नाही.

आता तुमच्या हाती खरोखर काय आहे ते पाहू. तुमची कर्जे एका जातीची नाहीत, म्हणून एकाच अर्जाने सगळी सुटणार नाहीत. सावकाराची तक्रार एका कार्यालयात होते, कंपन्यांकडे वेगळे पत्र द्यावे लागते, आणि यांपैकी कशानेच भागले नाही तर शेवटी न्यायालय आहे. मी हा क्रम मुद्दाम ठेवला आहे.

सावकारापासून सुरुवात करा, कारण तेथे कायदा सर्वांत ठामपणे तुमच्या बाजूने उभा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही आणि शेतकऱ्याच्या बाबतीत ही मर्यादा 12 टक्के आहे. शेकडा पाच रुपये महिना म्हणजे वर्षाला 60 टक्के. 18 टक्क्यांनी अठरा महिन्यांचे सरळव्याज 8,100 रुपये होते. तुम्ही 27,000 दिले, म्हणजे 18,900 रुपये जास्त गेले. याच कायद्यानुसार व्याजापोटी मुद्दलापेक्षा अधिक रक्कम वसूल करता येत नाही, आणि कर्ज देतेवेळी परवाना नसलेल्या सावकाराला न्यायालय वसुलीचा हुकूमनामा (पैसे वसूल करण्याचा आदेश) देत नाही.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यावी. जळगावचे जिल्हा उपनिबंधक हेच सावकारीचे जिल्हा निबंधक असतात, त्यामुळे एक प्रत त्यांच्या नावे काढा. त्या माणसाकडे परवाना आहे का, हेही याच कार्यालयात कळेल. तक्रारीत रक्कम, घेतल्याची तारीख, व्याजाचा दर, दिलेले पैसे आणि कोणासमोर दिले एवढेच लिहा. मुलीच्या वहीत तुम्ही दर महिन्याला ‘1,500 दिले’ अशी नोंद ठेवली आहे, असे पत्रात वाचले आणि बरे वाटले, कारण तीच वही आता पुरावा आहे. फोनवरून पाठवलेल्या पैशांचे उतारे बँकेतून काढून घ्या. या अधिकाऱ्यांना झडती घेण्याचा आणि कागदपत्रे ताब्यात घेण्याचा अधिकार आहे, म्हणून सावकाराकडे पडलेल्या तुमच्या सह्या केलेल्या कोऱ्या कागदांचा आणि चेकचा उल्लेख तक्रारीत आवर्जून करा.

कोऱ्या चेकबद्दल तुम्ही फक्त एका ओळीत लिहिले आहे, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. तो चेक भरून बँकेत टाकला गेला आणि परत आला, तर सावकार 30 दिवसांत तुम्हाला नोटीस पाठवू शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. अशी नोटीस आली तर ती परत पाठवू नका आणि फडताळात टाकून विसरू नका. त्याच आठवड्यात वकिलामार्फत उत्तर द्या आणि तो चेक कोरा होता, तारण म्हणून दिला होता व त्यामागचा व्यवहार विनापरवाना सावकारीचा आहे, असे त्यात लिहा. निबंधकांकडे तक्रार आधीच दाखल असेल तर या उत्तराला वजन येते. म्हणूनच सावकाराला पहिला क्रमांक दिला आहे.

आता गटकर्जे. ती नियमनाखालच्या कंपन्यांनी दिलेली आहेत, ती खरी आहेत आणि ती फेडायची आहेत, याबद्दल तुमच्याही मनात दुमत नाही. प्रश्न हप्त्याचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या मार्च 2022 च्या निर्देशांनुसार, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे विनातारण कर्ज देताना सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. तुमच्या घरात महिन्याला सरासरी 11,000 रुपये येतात. त्याचे निम्मे 5,500 होतात आणि तुमचे हप्ते 7,400 आहेत. सावकाराचे 1,500 धरले तर तेल, मीठ, शाळा, दवाखाना यांसाठी चार माणसांना 2,100 रुपये उरतात. तुमची उधळपट्टी झाली असे तुम्ही पत्रात दोनदा म्हटले आहे. ताई, या आकड्यांत उधळपट्टीला जागाच नाही. तिसरे कर्ज देणाऱ्याने तुमचे उत्पन्न नीट विचारले असते, तर ते कर्ज मंजूरच झाले नसते.

म्हणून तिन्ही कंपन्यांची लोन कार्डे आणि मंजुरीचे कागद काढा. तुमच्या नावापुढे कुटुंबाचे उत्पन्न किती लिहिले आहे, ते मुलीकडून वाचून घ्या. मी कर्ज विभागात काम करीत असताना असे कागद पाहिले आहेत, ज्यांत मजुरी करणाऱ्या बाईचे उत्पन्न महिन्याला 25,000 लिहिलेले असे आणि खाली तिची सही असे. ती सही करताना कोणीही आकडा वाचून दाखवलेला नसे. तुमच्याही कागदावर असे असेल, तर तक्रारीतला तुमचा पहिला मुद्दा तोच आहे.

त्यानंतर प्रत्येक कंपनीला वेगळे पत्र द्या. त्यात घराचा हिशेब मांडा. रेशनचे धान्य धरूनही किराणा, शाळा, औषध, वीज आणि दुकानाच्या उधारीचे थोडे थोडे मिळून 7,000 रुपये लागतात असे धरले, तर हप्त्यांसाठी 4,000 उरतात. तुमची बाकी 26,000, 20,000 आणि 12,000 अशी आहे. ती 4,000 रुपयांची रक्कम त्याच प्रमाणात वाटली, तर साधारण 1,800, 1,400 आणि 800 असे हप्ते निघतात. पत्रातला मजकूर साधा असू द्या: “माझ्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न सरासरी 11,000 रुपये असून सर्व कर्जांचे हप्ते त्याच्या निम्म्याहून अधिक होतात. मी दरमहा 1,800 रुपये नियमित भरू शकते. तरी कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करावा आणि दंड आकारू नये, ही विनंती.” कंपनीने हे मान्य केलेच पाहिजे असा नियम नाही. मात्र सगळ्यांना सारख्याच मापाने देण्याची तयारी आणि त्यामागचा हिशेब लेखी समोर आला की नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते. उत्तर येईपर्यंत तेवढी रक्कम भरत राहा आणि दर वेळी पावती घ्या.

लोन कार्डावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा क्रमांक आणि पत्ता असतो. पत्र त्यालाच द्या, कारण वसुलीला येणाऱ्या मुलाच्या हातात निर्णय नसतो. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

वसुलीवाला संध्याकाळी आठपर्यंत ओट्यावर बसून राहतो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे बोलतो, हे वाचून फार वाईट वाटले. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करणे, धमकावणे, नातेवाईक किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर करणे, हे सर्व रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांनी निषिद्ध ठरवले आहे. वसुली ठरलेल्या ठिकाणी व्हायची असते, आणि लागोपाठ दोनदा तुम्ही तेथे गेला नाहीत तरच त्याला घरी येता येते. तारीख, वेळ आणि त्याचे शब्द त्याच वहीत लिहून ठेवा. पोलीस नेतील, या त्याच्या धमकीला घाबरू नका. हप्ता थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, आणि यजमानांच्या बाबतीतही ऐपत असूनही हेतुपुरस्सर पैसे दिले नाहीत असे सिद्ध झाल्याशिवाय तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच स्पष्ट केले आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, मजुराची मजुरी, तो राहत असलेले त्याचे घर आणि कारागिराची हत्यारे यांच्यावर जप्ती येत नाही. तुमचे पोळपाट-लाटणे आणि पापडाचे साहित्य कोणी उचलून नेईल, ही भीती सोडून द्या.

गटातल्या बायांचा प्रश्न मात्र कायद्याच्या कलमाने सुटणारा नाही. तुमचा हप्ता चुकला की त्यांना पदरचे भरावे लागतात, कारण एकमेकींना जामीन राहण्याची सही सगळ्यांनीच केलेली आहे. त्या दारात येऊन बसतात, कारण त्यांच्याही घरी तुमच्यासारखीच चूल आहे. म्हणून कंपनीला पत्र देण्याआधी त्यांच्याशी बोला. मीटिंगला जाणे टाळू नका. हिशेबाचा कागद त्यांच्यासमोर ठेवा, किती भरू शकता ते सांगा आणि त्यांना विचारा, कारण त्यांच्यातल्या आणखी दोघी-तिघींचे हप्ते निम्म्या उत्पन्नाच्या वर गेलेले निघतील, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. अशा सगळ्यांनी मिळून एकच पत्र दिले तर कंपनी ते एकटीच्या पत्रासारखे बाजूला ठेवू शकणार नाही. वर्षानुवर्षे एकाच भट्टीवर कुरडया घालणाऱ्या बायांमध्ये या हप्त्यांमुळे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. पैशांपेक्षा ते नुकसान भरून यायला जास्त वेळ लागतो.

यानंतरही वाट निघाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्याचे कार्यालय जळगावच्या जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्याच्या न्यायालयातही त्याची समिती असते आणि 15100 वर फोन करता येतो. स्त्रीला तेथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती तेथे करता येते. लोकअदालतीत झालेली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नसते, म्हणून झेपणार नाही असा आकडा केवळ भिडेपोटी मान्य करू नका. ठरावीक रक्कम भरून कर्ज मिटवले तर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. तरीही पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा काही वर्षे राहतो आणि तो पुढच्या कर्जाच्या आड येतो, हेही आधीच लक्षात असू द्या.

आणि आता तुम्ही विचारलेला, कर्जातून मुक्त करणारा खरा अर्ज. जळगावसारख्या जिल्ह्यात व्यक्तीला नादार, म्हणजे देणे फेडण्यास असमर्थ, ठरवण्यासाठी आजही 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियमच चालतो. देणे 500 रुपये किंवा त्याहून अधिक आहे आणि ते फेडण्याची ऐपत नाही, असे दाखवून ऋणको (कर्ज घेणारा) स्वतः न्यायालयात अर्ज करू शकतो. सर्व धनकोंची (कर्ज देणाऱ्यांची) नावे, रकमा आणि आपल्याकडे जे काही आहे त्याची यादी द्यावी लागते. नादार ठरवल्यावर न्यायालयाच्या परवानगीशिवाय धनकोंना वेगळी वसुली करता येत नाही, जप्तीयोग्य मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते आणि पुढे विमुक्तीचा आदेश मिळाल्यावर बहुतेक कर्जांतून सुटका होते. सरकारी देणे आणि फसवणुकीतून झालेले देणे त्यातून सुटत नाही. विमुक्ती मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता कोणाकडून 50 रुपये किंवा त्याहून अधिक उधार घेणे हा गुन्हा ठरतो. शंभर वर्षांपूर्वीचा तो आकडा तसाच राहिला आहे, म्हणजे किराणावाल्याकडून तेलाची एक पिशवी उधारीवर आणतानाही तुम्हाला त्याला तसे सांगावे लागेल. ग्रामपंचायतीची निवडणूकही त्या काळात लढवता येत नाही. अर्जाच्या आधी दागिने बहिणीच्या नावे करणे किंवा एकाच धनकोचे पैसे गुपचूप फेडणे, असे व्यवहार न्यायालय रद्द करू शकते.

तुमचे देणे, तुमचे उत्पन्न आणि हे परिणाम एकत्र ठेवले, तर आज तुम्ही हा अर्ज करू नये असे माझे मत आहे. सावकाराचे प्रकरण निबंधकांकडे गेले आणि हप्ते 4,000 वर आले, तर 58,000 रुपयांची बाकी, पुढचे व्याज धरूनही, दोन वर्षांच्या आत संपण्याजोगी आहे. कंपन्यांनी दारे बंद केली आणि दावे दाखल झाले, तरच या अर्जाचा विचार करावा, आणि तोही मोफत मिळालेल्या वकिलाला सर्व कागद दाखवून.

तुम्ही विचारले नाही, तरी एक विचारतो. यजमानांनी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरवताना मालकाकडून उचल घेतली आहे का? घेतली असेल आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायला मालक मनाई करीत असेल, तर 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने अशी बांधून ठेवणारी देणी रद्द केली आहेत, आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. उचल केवळ पगारातून वळती होत असेल आणि काम सोडण्याची मोकळीक असेल, तर गोष्ट वेगळी. मला तेवढे कळवा, म्हणजे पुढचे लिहीन.

सोमवारी सहायक निबंधकांच्या कार्यालयात जाताना वहीच्या पानांच्या दोन झेरॉक्स, आधार कार्डाची प्रत आणि तक्रारीच्या दोन प्रती न्या. एक प्रत तेथे द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय तेथून उठू नका. शक्य असेल तर सासूबाईंना सोबत न्या. या महिन्याचे सावकाराचे 1,500 रुपये घरातच ठेवा, आणि तो मागायला आला तर शिक्का मारलेली ती प्रत त्याला दाखवा, मात्र हातात देऊ नका.